रफूवाल्या आत्याचं घर

माझ्या आत्याकडे लोक कसर लागलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेले कोट, ठिणगीनं भोक पडलेल्या विजारी घेऊन यायचे. चार दिवसांनी न्यायला आले की कपडा खिडकीपाशी धरून उलटासुलटा करायचे आणि विचारायचे, "भोक नक्की कुठं होतं हो?" आत्या चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "कुठलं भोक?"

रफू करणाऱ्यानं फाटलेली जागा गिऱ्हाइकालाही दाखवायची नाही, हा तिचा नियम. एकदा दाखवली की त्याची नजर जन्मभर तिथंच जाणार, मग काम कितीही बारीक असो. धागाही बाहेरचा लावायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोन-दोन धागे काढायचे आणि त्यांनीच भोक विणायचं. परका धागा कितीही जुळवला तरी उन्हात उघडा पडतो, असं ती म्हणते. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलीय की मला त्या मुठीचाच राग यायला लागला होता.

कारण मी अगदी उलटी. मी तिची भाची, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी. माझ्या पोटात काही राहत नाही आणि जिभेला हाड नाही. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, तिथं येणाऱ्यांनाही मी दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही. आई-बाबा गेल्यापासून आत्याकडेच राहते. तिला सांभाळायला, असं मी लोकांना सांगते. कोण कोणाला सांभाळतं ते गल्लीला ठाऊक आहे.

आत्याचं घर म्हणजे आमच्या उपनगरातलं पहिलं घर. शहरात घड्याळांचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्यानं, धुरानं खोकला लागला म्हणून, तेव्हा निव्वळ माळ असलेल्या या जागेवर ते बांधलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मग त्याच्या फाटकापर्यंत येणारी पायवाट रुंद झाली, तिच्या कडेनं दुसरं घर आलं, तिसरं आलं, शाळा आली, दवाखाना आला. आजही इथल्या घरांचे नंबर आमच्या फाटकापासून सुरू होतात. घर तसं बुटकं, पुढं लांब ओसरी, उंच खिडक्या, आणि आत सगळीकडे लाकूड. दिवाणखान्याची जमीनसुद्धा लाकडी फळ्यांची, जाड वाशांवर ठोकलेली. त्यावरून चाललं की पाऊल कोणाचं ते न बघता कळतं.

त्या व्यापाऱ्याची मुलगी म्हणजे मालकीणबाई. लग्न केलं नाही, आवाज नगाऱ्यासारखा, आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण आत्या त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करते की आपण दारात उभे आहोत आणि पाय पुसले नाहीत असं वाटायला लागतं.

आत्या विशीच्या आत-बाहेर असताना तिचे आईवडील एका साथीत पाठोपाठ गेले. मागं ती आणि शाळकरी वयाचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा. राहायला एक गळकी खोली, हातात आईनं शिकवलेलं रफूकाम. नातेवाईक होते, पण अशा वेळी नातेवाइकांना जी कामं निघतात ती सगळी निघाली. एकदा मालकीणबाई कसर लागलेली शाल घेऊन त्या खोलीत आल्या. छताकडे बघितलं, कोपऱ्यात बादली बघितली, बादलीशेजारी अभ्यास करत बसलेलं पोर बघितलं, आणि निघताना म्हणाल्या, "शाल झाली की घरी आणून दे. आणि येताना अंथरूण-पांघरूणही घेऊन ये."

आत्याला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, रफूच करून घ्यायचं असेल तर त्यांनी त्यांची अंथरुणं द्यावीत, आपली कशाला मागतायत?

अशी ती दोघं या घरात आली. मागची खोली मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, भावाची शाळा सुटली नाही. बदल्यात मालकीणबाईंनी एकच अट घातली. विस्तव स्वयंपाकघराच्या बाहेर आणायचा नाही. लाकडाचं घर, एका निखाऱ्याचं काम. "ज्या दिवशी दुसऱ्या खोलीत निखारा दिसेल," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही दोघं फाटकाबाहेर." त्या बोलायच्या ते करायच्या. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना त्याचा अनुभव होता.

पुढं मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्या, अंथरुणाला खिळल्या, आत्यानं त्यांचं सगळं केलं. जाताना त्यांनी घर आत्याच्या नावावर केलं. बाबा अग्निशमन दलात गेले, चढत चढत केंद्राचे प्रमुख झाले. अख्खं उपनगर त्यांना बंबसाहेब म्हणायचं. दिवाणखान्यात त्यांचा गणवेशातला फोटो आहे, मिशा अशा की आगीनं आपणहून विझावं. आत्यानं लग्न केलं नाही. खिडकीपाशी खुर्ची टाकून ती उजेड असेपर्यंत रफू करत राहिली, आणि हातात कापड नसेल तेव्हा घराला रफू करत राहिली.

हो, घराला. खिडकीच्या चौकटीला वाळवी लागली तर ती सुताराला बोलवायची, पण लाकूड त्याच घरातल्या कपाटाच्या पाठीतून काढून द्यायची. पोपडा निघाला तर त्याच रंगाची छटा जुळेपर्यंत डबे ढवळत बसायची. जोड दिसला की सुताराला परत बोलावणं जायचं. इथले दोन सुतार तिला बघून रस्ता बदलायचे. मी म्हणायची, "आत्या, भिंत आहे ती, लग्नातला कोट नाही." ती म्हणायची, "खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, बाई."

आणि मग नवा रस्ता निघाला.

नगरपालिकेची माणसं आली, फीत लावून मोजमाप केलं आणि आमच्या दिवाणखान्याच्या मधोमध बोट दाखवून म्हणाली की रस्ता इथून जाणार. ओसरी जाणार, दिवाणखाना जाणार, आत्याची खिडकी जाणार. मागं उरणार एक खोली आणि स्वयंपाकघर. वाचायचा मार्ग एकच होता. घराला ऐतिहासिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तर रस्ता वळवावा लागेल. मी अर्ज केला, चकरा मारल्या, तिथल्या साहेबांशी भांडले, आणि अखेर वारसा समितीनं पाहणीला एक बाई पाठवल्या. हातात कायम टॉर्च, म्हणून मी त्यांचं नाव टॉर्चवाल्या बाई ठेवलं.

आत्यानं त्या येणार म्हणून घर असं लखलखीत केलं की मलाच चपला कुठं काढाव्यात ते कळेना. टॉर्चवाल्या बाईंनी सगळं घर पाहिलं. भिंतींवर टिचक्या मारल्या, जमिनीला गाल लावून फळ्यांची ओळ पाहिली, चौकटींवरून नख फिरवलं. मग चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "आजी, घर सुरेख आहे. पण फारच सुरेख आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"इतक्या जुन्या घराला कुठंतरी जखम हवी. मला एकही सापडत नाही. समितीतल्या काहींचं आधीपासून म्हणणं आहे की मूळ घर केव्हाच पडलं आणि हे त्याच जागेवर नंतर बांधलेलं आहे. विशेषतः ही जमीन. या वयाची लाकडी जमीन इतकी एकसंध राहत नाही, असं ते म्हणतात. आणि आज मी त्यांना खोटं पाडू शकत नाही."

"म्हणजे आम्ही घर पडकं ठेवायला हवं होतं?"

"पडकं असतं तर माझं काम सोपं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी पेटलेच. म्हटलं, मॅडम, एक बाई आयुष्यभर घर जिवापाड जपते आणि तुम्ही तिला त्याचीच शिक्षा देता? त्यांनी ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. उपनगराची सुरुवात जिथून झाली ते हेच घर, एवढं सिद्ध झालं तर समिती एका पायावर तयार आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. पण ते हेच घर आहे, याला पुरावा हवा. एखादी दुरुस्तीची जागा असेल, जिथं जुनं आणि नवं शेजारी शेजारी दिसेल, तर दाखवा.

"आजी, कुठं दुरुस्ती केलीय का?"

आत्या म्हणाली, "कुठली दुरुस्ती?"

माझ्या तोंडाचा आ वासला. बाई निघून गेल्या आणि मी आत्याला धारेवर धरलं. चौकटी कोणी बदलल्या, पोपडे कोणी भरले, सगळं तर तू केलंस, मग सांगत का नाहीस? ती नुसती खिडकीपाशी बसून राहिली. जेवली नाही. माझं आरडून झाल्यावर म्हणाली, "अगं, एक दाखवलं की सगळं दाखवावं लागतं. हात दाखवून अवलक्षण."

"दिवाणखाना जाणार आहे, आत्या! खिडकी जाणार! मग झाकायला तरी काय उरणार आहे?"

ती उठून झोपायला गेली. पण सकाळी मी दुकानात निघाले तेव्हा फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "त्या बाईंना बोलाव परत. आणि तूही थांब घरी त्या दिवशी."

टॉर्चवाल्या बाई आल्या तेव्हा आत्या इस्त्रीची साडी नेसून दारातच उभी होती. एरवी भोक दाखवायचं नाही म्हणणारी बाई, तिनं त्यांना खोली-खोलीतून फिरवलं. ही चौकट खालून नवी आहे. या दारावर मालकीणबाईंच्या कुत्र्यानं ओरखडे काढले होते, ते इथं भरलेत. हा कठडा निसटला होता. ती बोट ठेवायची, बाई टॉर्च मारायच्या, आणि तरीही नीट निरखल्याशिवाय जोड दिसायचा नाही. बाईंच्या तोंडून दोनदा "अरे वा" निघालं. आत्याचा चेहरा मात्र कोणीतरी दात उपटत असल्यासारखा होत होता.

"आजी, हे सगळं उपयोगाचं आहे," बाई शेवटी म्हणाल्या, "पण प्रश्न जमिनीचा आहे. जमिनीला कुठं हात लावलाय का?"

आत्यानं आधी बाबांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक जागा आहे," ती म्हणाली. "पण ती माझी नाही, हिच्या बापाची आहे."

मग खिडकीपासची आपली खुर्ची तिनं स्वतः बाजूला ओढली आणि सांगितलं. तेव्हा बाबा दहाएक वर्षांचे. मालकीणबाई बहिणीकडे गेल्या होत्या. आत्या कुठंतरी कपडे पोचवायला गेलेली. एका कोटाचं काम झालं होतं, फक्त इस्त्री राहिली होती. ताईचं काम हलकं करावं म्हणून बाबांनी कोळशाची इस्त्री पेटवली, स्वयंपाकघरात अंधार म्हणून उजेडात, दिवाणखान्यात आणली, कोटावर फिरवली, आणि खाली ठेवून बाहेर खेळायला पळाले. आत्या परत आली तेव्हा खोलीत धूर होता आणि इस्त्री जमिनीत रुतली होती. पाणी ओतून विझवलं तर तळहाताएवढं आरपार भोक.

"मालकीणबाई दोन दिवसांनी यायच्या होत्या," आत्या म्हणाली. "मला दुसरं येत काय होतं? जमिनीला रफू केलं. कपाटाच्या पाठीची फळी कापली, रेषेला रेष जुळवली, खाली दोन बारीक पट्ट्या सरसानं चिकटवून त्यावर बसवली. चहाच्या पाण्यानं रंगवली, मेण घासलं. तुझा बाप रात्रंदिवस रडत होता. त्याला सांगितलं, अळीमिळी गुपचिळी. त्या आल्या. इथूनच चालत गेल्या. काही बोलल्या नाहीत."

मला आधी हसूच फुटलं. बंबसाहेब! ज्यांनी उपनगरातल्या प्रत्येक शाळेत जाऊन आगीवर भाषणं दिली, त्यांनी या घराला आग लावली होती! आणि मग मला आमच्या घरातली इस्त्री आठवली. बाबांनी आम्हाला कधी इस्त्रीला हात लावू दिला नव्हता. सगळ्यांच्या कपड्यांना स्वतः इस्त्री करायचे, आणि झाल्यावर विजेची इस्त्री असली तरी ती थंड होईपर्यंत तिच्याजवळून हलायचे नाहीत. आई चिडायची, जेवण निवतंय म्हणून. मी समजायचे, नोकरीची सवय आहे. ते बिचारे आयुष्यभर त्याच एका इस्त्रीजवळ उभे होते.

"आत्या," मी म्हटलं, "दाखव. उघड ती फळी. बाबा असते तर त्यांनीच सांगितलं असतं." डोळे पुसायला पदर होता तो मी पुरेपूर वापरला. टॉर्चवाल्या बाई शहाण्या, त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

पण आत्याचं अजून संपलं नव्हतं. "मालकीणबाईंनी मला घर दिलं," ती म्हणाली. "ज्यांना फसवलं त्यांनीच घर दिलं. शेवटच्या दिवसांत कितीदा ओठावर आलं होतं. वाटलं, आता सांगून मरणाऱ्या जिवाला कशाला त्रास? म्हणून मग हे घर जपत बसले. तेवढं तरी फिटावं."

बाईंनी बारीक पटाशी काढली. आत्यानं बोटानं रेघ दाखवली, तेव्हा कुठं आम्हाला ती दिसली. हळूहळू तुकडा सैल झाला आणि वर आला. भोवतीच्या फळ्यांच्या कडा खालून काळ्या, जळलेल्या, आणि त्या काळ्याच्या आत जुन्या लाकडाचा जाड, गच्च गाभा. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "हेच," त्या म्हणाल्या. "हे लाकूड आता कुठं मिळतच नाही. ही मूळ जमीन आहे."

मी आत्याला मिठी मारणार तेवढ्यात बाईंनी टॉर्च आणखी खाली केला आणि म्हणाल्या, "पण आजी, खाली हा आधार कोणी दिलाय?"

"कसला आधार?"

"बघा ना."

आम्ही दोघी वाकलो. तुकड्याखाली आत्याच्या त्या दोन बारीक पट्ट्या होत्या, सरस वाळून त्यांचा भुगा झालेला. नुसत्या त्यांच्यावर मांजरही पेललं नसतं. त्यांच्या खाली पोकळी आणि अंधार दिसायला हवा होता. तिथं होती एक जाडजूड फळी, दोन्हीकडच्या वाशांना मोठ्या स्क्रूंनी घट्ट आवळलेली, रंधा मारलेली, तेल पाजलेली.

"हे मी नाही ठेवलं," आत्या म्हणाली.

"हे मुरलेल्या सुताराचं काम आहे," बाई म्हणाल्या. "शेजारची लांब फळी उचलून आत उतरलाय तो, आणि ती परत जशीच्या तशी बसवून गेलाय. तुमच्या तुकड्याला धक्काही लावलेला नाही. आणि ही फळीही जुनीच आहे. तुमच्या दुरुस्तीनंतर लगेचच कोणीतरी हे करून घेतलं असणार."

आत्या जमिनीवरच बसली. मग ती स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागली. "त्या आल्या, आणि चार-सहा दिवसांत आम्हाला दोघांना त्यांच्या बहिणीकडे पाठवलं. एक पिशवी पोचवायला. दूर होतं, जाऊन यायला दिवस गेला. बहिणीनं पिशवी उघडली तर आत नुसती जुनी वर्तमानपत्रं. आम्ही रस्ताभर हसलो, म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणून." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, मागं अंधारात डोळे फोडू नकोस, इथं खिडकीपाशी बसत जा. या जागेवर. मला तर धडकीच भरली, खुर्चीचा पाय आत गेला तर? पण नाही कसं म्हणणार? आणि एक दगडी लादी आणून ठेवली. म्हणाल्या, इस्त्री इथं आणलीस तरी चालेल, फक्त हिच्यावर ठेव."

नियम मोडला म्हणून हाकलायचं, तर त्या बाईनं नियमच बदलला होता. आणि आत्याला वाटत राहिलं होतं की जमीन तिच्या रफूनं तोलून धरलीय.

"माहीत होतं त्यांना," आत्या म्हणाली. "सगळं माहीत होतं. आणि एक शब्द नाही." मग ती रडली. बाबा गेले तेव्हाही तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. कितीतरी वर्षं डोक्यावर वाहिलेलं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं आणि सांगावं की हे तुझं नव्हतंच, तसं ते होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि ज्यांना कधी पाहिलं नाही त्या मालकीणबाईंचे मनातल्या मनात पाय धरले. त्यांनी त्या दिवशी दोघांना फाटकाबाहेर काढलं असतं तर बंबसाहेब झाले नसते, मी झाले नसते.

समितीचा निर्णय यायला वेळ लागला, पण आला. या वस्तीचं पहिलं घर, मूळ जमिनीसह, आणि त्यात राहणाऱ्यांनी केलेल्या दुरुस्त्यांसह, वारसा म्हणून मान्य. रस्ता आता आमच्या कुंपणापाशी येतो, जरा अंग चोरतो आणि पुढं जातो. बाबांना कधी पदक मिळालं नाही, पण त्यांनी पाडलेलं भोक आता कायद्यानं सुरक्षित आहे, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगत फिरते.

तुकडा परत बसवायला टॉर्चवाल्या बाई स्वतः सुतार घेऊन आल्या. काम झालं आणि जमिनीत चौकोनी रेघ स्पष्ट दिसायला लागली. मी आत जाऊन चहाचं पाणी, ब्रश, मेणाचा डबा, सगळं घेऊन आले आणि आत्यापुढं ठेवलं. तिनं ब्रश उचलला, जरा वेळ हातात धरला आणि परत माझ्या हातात दिला.

"राहू दे."

"अगं, जोड दिसेल की!"

"माझ्या एकटीचं असतं तर झाकलं असतं," आत्या म्हणाली. "मालकीणबाईंचं नि माझं, दोघींचं काम आहे ते. दिसू दे लोकांना."